उतारावर चालतो, सपाट रस्त्यावर बंद पडतो: गाडीतल्या एचएफ सेटचं अर्थिंग

डिकीतला सेट यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

गाडीत १०० वॉटचा हॅम रेडिओचा सेट बसवलाय, एचएफ (लघुलहरी) आणि २ मीटर (तरंगलांबीचा पट्टा) दोन्ही करणारा. मुख्य पेटी डिकीत, पुढचं पॅनल डॅशबोर्डवर. पेटी लाकडी फळीवर आवळली आहे, त्यामुळे ती गाडीच्या पत्र्याला कुठेच टेकत नाही. बॅटरीपासून डिकीपर्यंत ४ चौरस मिलिमीटरच्या दोन वायरी नेल्यात, एकेरी लांबी साधारण ५ मीटर. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही थेट बॅटरीच्या टर्मिनलवर, दोन्हींत फ्यूज. एचएफसाठी टपावर चुंबकाच्या बुडाचा, २० मीटरच्या पट्ट्याचा व्हिप (काठीसारखा उभा अँटेना) आहे. २ मीटरचा अँटेना डिकीच्या झाकणाच्या कडेला क्लॅम्पने बसवलाय.

आता तक्रारी. एसएसबीवर (एचएफवर बोलण्याचा नेहमीचा मोड) जोरात बोललं की सेट मधेच बंद पडतो आणि पुन्हा चालू होतो. पण हे सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना होतं, उतारावर अजिबात नाही. दुसरी तक्रार समोरच्या स्टेशनांकडून: माझ्या आवाजामागे शिट्टी येते आणि ॲक्सिलरेटर दाबला की ती चढते. डिजिटल मोडसाठी टॅब्लेट सेटला ऑडिओ केबलने जोडलेला असतो आणि तो गाडीच्या सॉकेटमधून चार्ज होतो. तिसरी: २० मीटरवर प्रेषण सुरू केलं की पार्किंग सेन्सर गाडी पुढे जात असतानाही वाजतात, आणि माइकच्या धातूच्या जाळीला ओठ लागला तर चटका बसतो.

एका मित्राचं म्हणणं की अर्थिंग कच्चं आहे, डिकीत पत्र्याला एक जाड वायर मारून टाक, सगळं जाईल. करू का?

---

दोन मीटर यांचं उत्तर

चटका बसतोय म्हणजे आरएफ (प्रेषणाची रेडिओ-ऊर्जा) परत येतोय. कोॲक्सवर (अँटेनाच्या केबलवर) फेराइटचे क्लिप (आरएफ अडवणारे चुंबकीय पदार्थाचे कडे) लावून बघा, माझ्या गाडीत त्याने फरक पडला होता. जाड वायर मारायलाही हरकत नाही.

---

तांब्याची पट्टी यांचं उत्तर

ओएम (हॅम मंडळींत ‘मित्रा’), ती जाड वायर आत्ता मारू नका. ती मारली तर एखादं लक्षण झाकलं जाईल आणि मूळ दोष तसाच राहून तापत राहील. गाड्यांच्या वायरिंगचं काम हा माझा रोजचा धंदा आहे आणि हॅम रेडिओ हा जीव की प्राण, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुमच्याकडे एक नाही, तीन वेगवेगळे दोष दिसतात. सेट बंद पडणं हा डीसी पुरवठ्याचा प्रश्न. शिट्टी हा बहुधा ऑडिओच्या वाटेने तयार झालेल्या लूपचा (निगेटिव्हच्या दोन वाटा जुळून झालेल्या कड्याचा). सेन्सर आणि चटका हा आरएफचा. तिन्हींवर एकच औषध शोधायला गेलं की माणूस महिनोन्‌महिने वायरी वाढवत बसतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे डमी लोड, अँटेनाऐवजी लावायचा आणि शक्ती आतच जिरवणारा रोध. ५० ओमचा, १०० वॉट थोडा वेळ झेपेल असा. दोन्ही अँटेना काढा, टॅब्लेटची केबल काढा, सेटला फक्त बॅटरीच्या दोन वायरी, पॅनल, माइक आणि डमी लोड एवढंच ठेवा. या अवस्थेत जे शिल्लक राहील ते डीसीचं, जे जाईल ते आरएफचं किंवा लूपचं. एवढ्या एका चाचणीने निम्मं काम होतं आणि तरी ती फार थोडे लोक करतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग मल्टिमीटर. निव्वळ कंटिन्युइटीची पिपाणी वाजवून काही कळत नाही. वायरीच्या पन्नास तारांपैकी चारच शाबूत असल्या तरी मीटर शून्य ओमच दाखवणार, कारण तो त्यातून नगण्य करंट पाठवतो. दोष दिसतो तो २० अँपिअर वाहत असतानाच. तेव्हा एफएम किंवा सीडब्ल्यूमध्ये (मोर्सचा मोड) पूर्ण शक्तीचा स्थिर कॅरियर (आवाजाविना नुसती रेडिओलहर) काही सेकंद द्या आणि तेवढ्यात व्होल्टेज मोजा. मापं तीन हवीत. बॅटरीच्या दोन खांबांवर किती. बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब ते सेटचं पॉझिटिव्ह टोक, यांत किती. बॅटरीचा निगेटिव्ह खांब ते सेटची पेटी, यांत किती. मीटरची टोकं डिकीपर्यंत पोहोचत नाहीत म्हणून लोक ही मापं टाळतात. कुठलीही बारीक वायर जोडून टोक लांब करा, मीटर करंट खातच नाही, त्यामुळे मापात फरक पडत नाही. प्रोब खांबाच्या शिशावर टेकवा, वरच्या क्लॅम्पवर नको. तो सांधाही दोषी असू शकतो.

इंजिन चालू आणि हेडलाइट लावलेले असू द्या, कारण पुढे सांगतो.

उतारावर सेट चालतो ही तुमच्या सगळ्या पत्रातली सर्वांत मोलाची ओळ आहे. नव्या गाड्यांत अल्टरनेटरचं (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचं) व्होल्टेज कायम १४ च्या आसपास नसतं. इंधन वाचवण्यासाठी गाडीचा संगणक ते सपाट रस्त्यावर साडेबारापर्यंत खाली आणतो, आणि उतारावर किंवा ॲक्सिलरेटर सोडला की साडेचौदाच्या पुढे नेतो. त्यात आपल्या सेटना १३.८ व्होल्ट, कमी-जास्त १५ टक्के, म्हणजे खालची मर्यादा ११.७. साडेबारातून वायरींनी एक व्होल्ट खाल्ला की खेळ संपला. अनेक गाड्यांत हेडलाइट लावले की व्होल्टेज वर राहतं, म्हणून मापं घेताना ते लावायचे, म्हणजे आकडे स्थिर येतात.

आता हिशेब. ४ चौरस मिलिमीटर तांब्याला मीटरमागे साधारण ५ मिलिओम. ५ मीटरला २५. त्यातून २० अँपिअर गेले की एका वायरीत अर्धा व्होल्ट पडतो, दोन्ही मिळून एक. हे सगळं ठणठणीत असताना. त्यावर फ्यूजचे होल्डर आणि लग (वायरीच्या टोकाच्या धातूच्या टोप्या) यांचं वेगळं.

आणखी एक माप आवर्जून घ्या. निगेटिव्ह बाजूचं माप आधी दोन्ही अँटेना काढून, मग एकेक केबल परत लावून. डमी लोड एचएफच्या सॉकेटला असू द्या आणि २ मीटरची केबल तिच्या सॉकेटला लावा-काढा. आकडा बदलला तर कळवा.

७३ (हॅम मंडळींचा निरोपाचा नमस्कार)

---

सकाळचा नेट यांचं उत्तर

वरच्या सगळ्याशी सहमत, फक्त एक शंका. पेटी डिकीत आहे, गाडीचं अख्खं अंग लोखंडाचं आहे. मग निगेटिव्हची ५ मीटर वायर नेण्यापेक्षा डिकीतच पत्र्याला अर्थ दिला तर पाच मीटरमधला पडणारा अर्धा व्होल्ट वाचतो. मित्र तेच सांगत असावा.

---

तांब्याची पट्टी यांचं उत्तर

शंका रास्त आहे. वेल्डिंगने जोडलेल्या अंगातून डीसी उत्तम वाहतो, त्यात वाद नाही. पण त्याच पत्र्यातून इंधन पंप, मागचे दिवे, काच तापवणारी तार, सगळ्यांचा करंट परत जात असतो. सेटचा निगेटिव्ह तिथे बांधला की त्यांची गडबड सेटच्या संदर्भबिंदूतच येऊन बसते. शिवाय डिकीत सापडणारा बोल्ट पुष्कळदा रंगावर किंवा सीलंटवर आवळलेला असतो, आज चांगला आणि पावसाळ्यानंतर गंजलेला. आणि चॅसिसवर रबरी ठोकळ्यांवर अंग ठेवलेल्या मोठ्या गाड्यांत अंग आणि चॅसिस यांच्यामधली जोडणी म्हणजे एखादी पातळ पट्टी. पुरवठ्यासाठी मी दोन्ही वायरी पुढूनच आणतो. डिकीतला पत्रा आरएफसाठी लागतो, पण ते नंतर.

---

डिकीतला सेट यांचं उत्तर

मापं घेतली. डमी लोडवर सेन्सर वाजत नाहीत, चटका नाही. टॅब्लेट काढल्यावर दुसऱ्या सेटवर ऐकलं तर शिट्टीही नाही.

कॅरियर देताना बॅटरीवर १४.०. पॉझिटिव्ह बाजूला ०.६ पडतो. निगेटिव्ह बाजूला १.४. म्हणजे सेटला १२.० मिळतात.

२ मीटरची केबल सेटला लावली की निगेटिव्ह बाजूचा आकडा ०.७ वर येतो. काढली की परत १.४. टपावरच्या चुंबकाची केबल लावून-काढून काहीच फरक नाही. हे असं का?

---

तांब्याची पट्टी यांचं उत्तर

उत्तम मापं. आता सगळं समोर आलं.

२ मीटरच्या क्लॅम्पचे टोकदार स्क्रू रंग फोडून पत्र्यात रुतलेत, त्यामुळे त्या कोॲक्सची जाळी (आतल्या तारेभोवतीचं धातूचं विणलेलं आवरण) गाडीच्या अंगाला डीसीने जोडली गेली आहे. निगेटिव्ह वायर अडली म्हणून करंटने दुसरी वाट धरली. आकडा निम्मा झाला याचा अर्थ वायरीतून फक्त १० अँपिअर जातायत आणि उरलेले १० अँपिअर कोॲक्सच्या जाळीतून. बारीक कोॲक्सची जाळी यासाठी नसते. उद्या निगेटिव्हचा फ्यूज उडाला तर सेट बंद पडणारच नाही, तो सगळेच्या सगळे २० अँपिअर त्या जाळीतून ओढत राहील आणि तुम्हाला कळणारही नाही. हे मला या सगळ्यात सर्वांत धोक्याचं वाटतं. चुंबकाखाली रंग आणि रबर असल्याने तिथे डीसीची वाटच नाही, म्हणून त्या केबलने फरक पडला नाही.

आता १.४ पैकी अर्धा व्होल्ट वायरीचा, बाकी ०.९ कुठे गेला ते शोधा. २ मीटरची केबल काढलेली ठेवून कॅरियर द्या आणि मीटर निगेटिव्हच्या फ्यूज होल्डरच्या अलीकडे-पलीकडे लावा. माझा संशय तिथेच. एखाद्या सांध्यावर ०.९ व्होल्ट पडत असेल तर २० अँपिअरला तिथे १८ वॉट उष्णता तयार होते. एवढ्याशा प्लास्टिकच्या डबीत १८ वॉट म्हणजे ती मऊ पडायला वेळ लागत नाही. हात लावण्याआधी जवळ नेऊन अंदाज घ्या.

दुरुस्ती अशी करा. निगेटिव्ह वायर बॅटरीच्या खांबावरून काढा. त्या खांबावर एक चौकोनी काळी डबी आणि तिला बारीक वायरींचा कनेक्टर आहे का पाहा. अल्टरनेटर संगणकाच्या ताब्यात असेल तर बहुतेक असणारच. तो करंट मोजणारा सेन्सर. खांबावरून थेट घेतलेला करंट त्याच्या हिशेबात येत नाही, आणि चार्जिंगचं गणित चुकत जातं. बॅटरीची निगेटिव्ह केबल पुढे गाडीच्या अंगाला जिथे बोल्टने आवळलेली असते, तिथेच आपला निगेटिव्ह जोडायचा. तो बोल्ट खोलताना बॅटरी सोडवलेली असू द्या. पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करा, दात्यांचा वॉशर घाला, आवळून झाल्यावर वरून ग्रीस लावा. आधी नको.

वायर दोन्ही बाजूंना १० चौरस मिलिमीटरची करा. तिला मीटरमागे दोन मिलिओमपेक्षा कमी, म्हणजे एका वायरीत २० अँपिअरला ०.२ व्होल्ट. लग क्रिम्प करा (दाबून बसवा), चांगल्या पकडीने. नुसतं झाळकाम केलं तर कथील तारांत वर चढतं आणि ती कडक झालेली जागा गाडीच्या हादऱ्यांनी तुटते.

---

सकाळचा नेट यांचं उत्तर

निगेटिव्हचा फ्यूज काढायचा की ठेवायचा? सेटसोबत येणाऱ्या तयार केबलला दोन्हीकडे असतो.

---

तांब्याची पट्टी यांचं उत्तर

खांबाला थेट जोडणार असाल तर दोन्हीकडे हवाच. इंजिनाची किंवा अंगाची मुख्य अर्थ पट्टी सैल झाली तर स्टार्टरचे शेकडो अँपिअर तुमच्या निगेटिव्ह वायरीतून, सेटच्या पेटीतून आणि कोॲक्समधून खांबाकडे जायला बघतात. त्यासाठी तो फ्यूज आहे. अंगावरच्या बोल्टला जोडलं की ती वाट उरत नाही, म्हणून मी तिथे फ्यूज ठेवत नाही. एक सांधा कमी. पॉझिटिव्हचा मात्र बॅटरीजवळच, वीतभर अंतराच्या आत, ३० अँपिअरचा. तो सेटसाठी नसतो, वायरीसाठी असतो. कुठे पत्र्याच्या कडेला वायर घासून उघडी पडली तर गाडी पेटू नये म्हणून. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून) जाताना भोकाला रबरी ग्रोमेट विसरू नका.

शिट्टीबद्दल: टॅब्लेटच्या चार्जरचा निगेटिव्ह गाडीच्या अंगाला, ऑडिओ केबलची जाळी सेटच्या पेटीला, आणि पेटी व अंग यांच्यात तो दीड व्होल्टचा फरक, त्यावर अल्टरनेटरची लहर. ती सरळ ऑडिओत मिसळते. निगेटिव्ह सुधारला की निम्म्याहून जास्त जाईल. उरली तर ऑडिओ केबलमध्ये १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन्ही बाजूंचा थेट तारेचा संबंध तोडणारा) घाला. एवढं करून चार्जर काढल्यावरही राहिली, तर बॅटरीवर मीटर एसीवर लावून बघा. अर्धा व्होल्टच्या वर एसी दिसला तर अल्टरनेटरचा डायोड गेला असण्याची शक्यता मोठी.

---

दोन मीटर यांचं उत्तर

आणि ऐकताना सेटमध्ये येणारा गोंगाट? तो कोणी बोललं नाही. इंजिनच्या वेगाबरोबर टिकटिक वाढते ती स्पार्कची, आणि नुसती चावी फिरवली की सुरू होणारी एकसुरी गुणगुण इंधन पंपाची. माझ्याकडे बॉनेटचे दोन्ही कोपरे आणि सायलेन्सरचा पाइप दोन-तीन ठिकाणी विणलेल्या पट्टीने अंगाला बांधल्यावर टिकटिक बरीच उतरली. पाइप रबरावर लोंबकळत असतो, तो स्वतःच अँटेना होतो.

---

डिकीतला सेट यांचं उत्तर

फ्यूज होल्डरवर ०.८५ व्होल्ट पडत होता, आतलं प्लास्टिक पिवळं पडलेलं. खांबावर सेन्सरची डबीही निघाली. सगळं सांगितल्याप्रमाणे केलं, १० चौरसची वायर घातली. आता बॅटरी आणि सेटमध्ये एकूण ०.५ चाच फरक आहे आणि २ मीटरची केबल लावून-काढून आकडा हलत नाही. सपाट रस्त्यावर सेट बंद पडत नाही. ट्रान्सफॉर्मर न घालताच शिट्टी ऐकू येईनाशी झाली.

राहिले सेन्सर आणि चटका. एसडब्ल्यूआर (अँटेनाच्या जुळणीचं माप, आदर्श १) तर १.३ दाखवतो.

---

तांब्याची पट्टी यांचं उत्तर

फार छान वाटलं वाचून. आता आरएफ.

१.३ वर समाधान मानू नका. २० मीटरवर अडीच मीटरच्या व्हिपचा विकिरण रोध (खरोखर लहरी बनून बाहेर जाणाऱ्या शक्तीचा हिस्सा) जेमतेम ५ ओम. बाकीचे ओम कॉइल आणि जमिनीच्या तोट्यातून येतात, आणि ते येतात म्हणूनच मीटर खूश दिसतो. चांगल्या बसवलेल्या मोबाइल अँटेनाला जुळवणी न करता २ च्या आसपास एसडब्ल्यूआर दिसणं हे उलट चांगलं लक्षण.

व्हिपला दुसरी बाजू लागते, ती म्हणजे गाडीचा पत्रा. चुंबक त्याच्याशी फक्त धारितेने (कपॅसिटन्सने, थेट न टेकता) जोडलेला. ती १०० पिकोफॅरड धरली तर १४ मेगाहर्ट्झला ११४ ओमचा अडथळा होतो. त्यापेक्षा कोॲक्सच्या जाळीची बाहेरची बाजू करंटला सोपी वाटते. मग तो तिथून दारातून आत येतो, डिकीतल्या वायरींना भेटतो, सेन्सर बडवतो आणि माइकपर्यंत पोहोचतो. तोच चुंबक १४५ मेगाहर्ट्झला ११ ओम देतो, म्हणून २ मीटरवर तो झकास चालतो.

तर अँटेनांची अदलाबदल करा. एचएफचा व्हिप पत्र्यात रुतलेल्या पक्क्या माउंटवर, २ मीटरचा चुंबकावर टपावर. क्लॅम्प व्हिपचं वजन पेलेल असा मजबूत घ्या. डिकीचं झाकण बिजागऱ्यांवर असतं आणि त्यांत ग्रीस, म्हणून झाकण ते अंग रुंद पट्टीने दोन्ही बाजूंना जोडा. त्यानंतर माउंटपाशीच कोॲक्सला चोक (जाळीच्या बाहेरून येणारा आरएफ अडवणारं वेटोळं): ३१ नंबरच्या फेराइटच्या २.४ इंची कड्यावर बारीक कोॲक्सचे १० ते १२ वेढे. एकेका क्लिपमधून केबल सरळ नेली तर एचएफवर फारसं हाती लागत नाही, अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो.

एक कळकळीची विनंती: वायरी ओढताना पिवळ्या कनेक्टरच्या एअरबॅग वायरिंगला हात लावू नका आणि कोॲक्स त्याच्या शेजारून नेऊ नका. हायब्रिड गाडीत नारिंगी केबलींपासूनही लांब.

---

डिकीतला सेट यांचं उत्तर

अदलाबदल केली, चोक घातला. २० मीटरवर सेन्सर गप्प, चटका नाही, आणि लांबच्या स्टेशनांकडून रिपोर्टही आधीपेक्षा चांगले येतायत. १० मीटरचा व्हिप लावला तर मात्र पूर्ण शक्तीवर सेन्सर अजून मधूनच वाजतात. झाकणाची जोडणी गोल वायरीने केली आहे, दोन्हीकडे फूटभर.

---

तांब्याची पट्टी यांचं उत्तर

तीच अडचण. फूटभर गोल वायरीचं इंडक्टन्स ०.३ मायक्रोहेन्रीच्या आसपास. १४ मेगाहर्ट्झला ते २६ ओम, २८ ला थेट ५३. डीसीला ती वायर शून्य, १० मीटरला भिंत. वायर जाड करून काही साधणार नाही. तांब्याची किंवा विणलेली पट्टी घ्या, दोन-तीन सेंटिमीटर रुंद, आणि लांबी रुंदीच्या पाचपटीच्या आत बसवा. बिजागरीच्या अगदी लगत जोडली तर तेवढी पुरते आणि झाकण उघडतानाही ताण येत नाही. मग सेन्सरच्या वायरींवर बंपरजवळ एक-दोन फेराइट, ते शेवटी. आधी पट्टी बदलून ५० वॉटवर बघा, मग १०० वर, आणि काय होतं ते इथे लिहा.

७३